कॉन्करन्टला मराठीत काय म्हणायचं? सात वर्षं की दहा वर्षं?

सांखळीकर

नमस्कार मंडळी. कॉन्करन्ट ह्या इंग्रजी शब्दाला तिंट्यावर, म्हणजे नाक्यावर, बोलता येईल असा सरळ मराठी शब्द आहे का? विचारायचं कारण म्हणजे परवा आमच्याकडे चहाच्या गाड्यावर एका बातमीवरून चांगलंच वाजलं. बातमी अशी की एका आरोपीला एका कलमाखाली सात वर्षं आणि दुसऱ्या कलमाखाली तीन वर्षं सक्तमजुरी, आणि खाली शेवटचं वाक्य, "दोन्ही शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत". झालं, अर्धे म्हणायला लागले एकत्रित म्हणजे सात अधिक तीन दहा, एकत्र कुटुंब म्हणतो तसं सगळं एकत्र, आणि उरलेले म्हणाले नाही नाही सातच. कोणाला विचारायचं तर मला, कारण मी फावल्या वेळात भाषांतराची कामं घेतो हे गावाला माहीत आहे.

मी इंग्रजी बातमी शोधून बघितली, तिथे कॉन्करन्टली असा शब्द. डिक्शनरी उघडली तर समवर्ती, सहवर्ती, एककालिक, समकालिक, सहगामी अशी रांगच लागली, आणि त्यातला एकही शब्द माझी आई जन्मात वापरणार नाही. वर गंमत म्हणजे सध्या हातात असलेल्या कामांमध्ये हाच शब्द सगळीकडे येतोय, पतसंस्थेच्या अहवालात कॉन्करन्ट ऑडिट, एका ॲपच्या मजकुरात कॉन्करन्ट युजर्स. सगळीकडे एकच शब्द चालेल का? आणि सायमल्टेनियस आणि कॉन्करन्ट ह्यात फरक काय, दोन्हीला आपण "एकाच वेळी" म्हणतो ना?

म्हापशेचा वकील

सातच. गाड्यावर जे सात म्हणत होते त्यांना माझ्याकडून एक चहा.

पण दहा म्हणणारे अगदीच वेडे नव्हेत, कारण जुन्या कायद्यात, म्हणजे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 31 असं होतं की एकाच खटल्यात दोन-तीन गुन्हे शाबीत झाले तर शिक्षा एकामागून एक भोगायच्या, कोर्टाने मुद्दाम कॉन्करन्ट असं लिहिलं तरच सोबत. म्हणजे जज काहीच बोलला नाही तर बेरीज व्हायची. आता 1 जुलै 2024 पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम 25 मध्ये कोर्टाने गुन्ह्यांचं गांभीर्य बघून सोबत की एकामागून एक हे सांगायलाच हवं असं म्हटलंय. तर निकालातला तो एक शब्द म्हणजे माणसाच्या आयुष्यातली वर्षं आहेत, आणि बातमीत तोच शब्द आपण "एकत्रित" करून टाकतो. मला विचाराल तर "एकत्रित" हा शब्द ह्या जागी वापरूच नये, मराठीत एकत्रित म्हटलं की डोक्यात बेरीजच येते, एकत्रित बिल, एकत्रित पगार, एकत्रित मालमत्ता. इंग्रजीत त्याच्या नेमकं उलटं म्हणायचंय.

हिंदीवाल्यांनी बरं केलंय, ते सरळ "सभी सजाएं साथ-साथ चलेंगी" म्हणतात. कोणालाही कळतं.

सांखळीकर

वकीलकाका, देव बरें करूं. पण मग गाड्यावरचाच दुसरा प्रश्न, तीन वर्षं जर सातच्या पोटात जाणार असतील तर ती द्यायचीच कशाला? एकजण म्हणाला ही नुसती लिहायची शिक्षा.

म्हापशेचा वकील

नुसती लिहायची कशी? उद्या आरोपी वरच्या कोर्टात गेला आणि सात वर्षांचं कलम पडलं, पुरावा कमी म्हणून त्यातून सुटला, तरी तीनवालं उभं राहतं. प्रत्येक गुन्ह्याची शिक्षा आपापल्या पायावर असते, फक्त चालतात सोबत.

आणि जन्मठेप असेल तर आणखी मजा. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांच्या घटनापीठाने ठरवून टाकलं की दोन जन्मठेपा एकामागून एक देता येत नाहीत, कारण जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य आणि माणसाला आयुष्य एकच. आधी ठराविक वर्षांची कैद आणि मग जन्मठेप असं कोर्ट सांगू शकतं, पण आधी जन्मठेप आणि मग दहा वर्षं असं नाही.

अभिजात

इतका विचार कशाला करताय कळत नाही. शासनाने शब्द दिलेला आहे, समवर्ती. राज्यघटनेत समवर्ती सूची आहे, बँकेत समवर्ती लेखापरीक्षण आहे, मग शिक्षाही समवर्ती. लोकांना कळत नसेल तर लोकांनी शिकावं, पूर्वी लोकांना विद्यापीठ हा शब्द तरी कुठे कळत होता. मराठीला गोव्यात अगोदरच एवढं झगडावं लागतं आणि आपणच साथ-साथ म्हणत हिंदीकडे बघायचं?

आणि अस्सल जुना शब्द पाहिजे असेल तर घ्या, एकसमयावच्छेदेकरून! आपल्या पणजोबांच्या गद्यात सर्रास असायचा.

पर्वरीचा कोडर

एकसमयावच्छेदेकरून उच्चारून होईपर्यंत ती वेळच निघून जाईल हो 😄

अभिजात

हसा. अवच्छेद म्हणजे मर्यादा, तोडून वेगळा काढलेला तुकडा. काळाचा एकच तुकडा कापून घेतला आणि त्या तुकड्यात जे जे घडलं ते सगळं, असा त्या शब्दाचा बांधा आहे, मूळ न्यायशास्त्रातला. तुमच्या इंग्रजीत एवढा नेमका शब्द दाखवा.

पेडण्याचे मास्तर

अभिजातराव, शब्द देखणा आहे ह्यात वाद नाही, पण समवर्ती सगळीकडे चालतो हे मान्य नाही. शाळेतली भूमिती आठवा. तीन रेषा एकाच बिंदूतून गेल्या की इंग्रजीत त्यांना कॉन्करन्ट लाइन्स म्हणतात. आमच्या मराठी पुस्तकात त्या एकसंपाती रेषा, आणि त्या भेटतात तो संपात बिंदू. मध्यगा जिथे भेटतात तो मध्यगासंपात, शिरोलंब भेटतात तो शिरोलंबसंपात. हिंदीवाले तिथे संगामी म्हणतात. समवर्ती कोणीच म्हणत नाही आणि म्हटलं तर पोरं गोंधळतील.

आता ह्यात वेळ कुठे आहे सांगा बघू? रेषा काय सकाळी दहाला येऊन भेटत नाहीत. कोणत्याही दोन रेषा समांतर नसल्या तर कुठेतरी छेदणारच, त्यात काही विशेष नाही, पण तिसरी रेषासुद्धा नेमकी त्याच बिंदूतून गेली तर ती गोष्ट सिद्ध करावी लागते, म्हणून तो शब्द लागतो. म्हणजे कॉन्करन्ट हा शब्द मुळात वेळेचा नव्हेच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ एकत्र धावणं, धावत येऊन भेटणं. कुठे भेटतात, जागेत की काळात की मतात, ते ज्या त्या धंद्याने आपलं आपलं ठरवलं.

संपात हा शब्द मला स्वतःला फार आवडतो. वसंतसंपात म्हणतो ना आपण, मार्चमध्ये दिवसरात्र साधारण सारखी असतात तेव्हाचा, तिथेही सूर्याची वाट आणि आकाशातलं विषुववृत्त एकमेकांना छेदतात तो बिंदूच. पोरांना सांगितलं की एकदम लक्षात राहतं.

आणि सायमल्टेनियस इक्वेशन्स, ती आपली एकसामयिक समीकरणं. नावात समय आहे पण वेळेचा पत्ता नाही, अर्थ एवढाच की क्ष आणि य ची तीच किंमत दोन्ही समीकरणांत चालली पाहिजे. तेव्हा नावावर जाऊ नका.

सांखळीकर

मास्तर, म्हणजे माझा प्रश्नच चुकीच्या दारावर होता म्हणायचा. मी "एकाच वेळी" चा शब्द शोधत होतो आणि तुम्ही सांगताय शब्द वेळेचाच नाही.

वॉर्डातली ताई

मी कॅन्सरच्या वॉर्डात काम करते, मराठी आणि कोंकणी दोन्ही बोलणारे पेशंट असतात, माझा अनुभव सांगते. तिथे कॉन्करन्ट हा शब्द वेळेचाच आहे पण "एकाच वेळी" म्हटलं की हमखास घोळ होतो. कागदावर कॉन्करन्ट केमोरेडिएशन असतं, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला किंवा घशाच्या वगैरे देतात. कोणीतरी त्याचं भाषांतर केलेलं, "केमोथेरपी व किरणोपचार एकाच वेळी दिले जातील". आता पेशंटच्या बायकोला वाटलं की मशीनखाली झोपवून तिकडून शेक आणि इकडून सलाईन दोन्ही एकदम लावणार, ती बिचारी घाबरून रडायला लागली.

प्रत्यक्षात काय असतं, शेक, म्हणजे लोक लाईट देणं म्हणतात ते, आठवड्यातले पाच दिवस असं साधारण पाच ते सात आठवडे चालतं, आणि त्याच आठवड्यांमध्ये बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा केमो. केमोमुळे गाठीवर शेकाचा परिणाम जास्त होतो म्हणून ते आधी एक संपवून मग दुसरं असं न करता सोबत चालवतात. तर मी सांगते, "शेक चालू असतानाच मधे मधे केमो पण होणार". कोंकणीत सांगायचं तर "शेकावांगडाच केमो". वांगडा, म्हणजे सोबत, म्हटलं की विषय संपला, कोणी घाबरत नाही.

म्हणजे माझ्या मते फरक असा, सायमल्टेनियस म्हणजे त्याच क्षणाला, आणि कॉन्करन्ट म्हणजे त्याच काळात चालू. पहिल्याला "एकाच वेळी" ठीक, दुसऱ्याला "चालू असताना".

म्हापशेचा वकील

ताई, हे आवडलं. शिक्षेलाही ते बसतं, सात वर्षं चालू असतानाच त्यातली पहिली तीन वर्षं दुसरी पण चालू.

पर्वरीचा कोडर

आमच्या धंद्यात तर ह्या दोन शब्दांवरून भांडणं होतात म्हणून लिहितो. कॉन्करन्सी आणि पॅरललिझम. 2012 मध्ये रॉब पाइक, गो ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणाऱ्यांपैकी एक, त्याने ह्याच विषयावर भाषण दिलं होतं, सार असं की कॉन्करन्सी म्हणजे बरीच कामं एकदम हाताळणं आणि पॅरललिझम म्हणजे बरीच कामं एकदम करणं. ऐकायला सारखंच वाटतं.

रायबंदर-चोडणची फेरीबोट घ्या. एकच बोट असेल तर ती इकडची माणसं तिकडे नेते, तिकडची इकडे आणते, दोन्ही धक्क्यांवरची रांग पुढे सरकत असते, दोन्हीकडची कामं चालू आहेत, पण कुठल्याही क्षणी बोट एकाच बाजूचं काम करतेय. हे कॉन्करन्ट. दोन बोटी सोडल्या आणि नदीत अर्ध्यावर एकमेकींना ओलांडून गेल्या तर ते पॅरलल. तुमच्या मोबाईलमध्ये पूर्वी एकच कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग, असायचा, तरी गाणं चालायचं आणि मेसेज पण यायचा, प्रोसेसर इतका भराभर ह्यावरून त्यावर उडी मारायचा की आपल्याला दोन्ही एकदम चाललंय असं वाटायचं.

त्यामुळे आमच्याकडे कॉन्करन्टला "एकाच वेळी" म्हटलं तर तांत्रिक चूक, कारण नेमकं त्याच क्षणी काही होत नसतं. समांतर म्हटलं तर आणखी चूक, तो पॅरललचा शब्द. मी मराठीत शिकवताना सरळ कॉन्करन्टच म्हणतो, अभिजातरावांनी रागावू नये.

आता तुमच्या ॲपचं. कॉन्करन्ट युजर्स 50 म्हणजे एकूण खाती कितीही असू देत, आत्ता ह्या घडीला लॉगिन होऊन बसलेले पन्नासच चालतील. तिथे मी लिहीन, "एका वेळी जास्तीत जास्त 50 जण वापरू शकतील". लक्षात घ्या, एका वेळी, एकाच वेळी नव्हे. तो च काढा. "एकाच वेळी 50 जण" म्हटलं की वाटतं सगळ्यांनी मिळून बटण दाबायचं.

बाकी खरं सायमल्टेनियस असं काही नसतंच, आइन्स्टाइनने 1905 मध्येच सांगून ठेवलंय की एकाला जे दोन प्रसंग एकाच क्षणी झाले असं वाटतं ते वेगात जाणाऱ्या दुसऱ्याला मागेपुढे झालेले दिसतील.

सांखळीकर

ते शेवटचं मी गाड्यावर सांगणार नाही बाबा, आधीच सात-दहावर एवढं झालंय.

आके मडगाव

तुमचं सगळं वाचून मजा येते. मी पोर्तुगीज शाळेत शिकलेला माणूस, मराठी घरात, म्हणून चारी भाषांची खिचडी डोक्यात आहे, लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

पोर्तुगीजमध्ये हाच शब्द आहे, कोंकोर्रेंत. अर्थ काय माहिती आहे? प्रतिस्पर्धी! आणि कोंकुर्सु म्हणजे स्पर्धा, सरकारी नोकरीसाठी अर्ज मागवून घेतात ती परीक्षा पण कोंकुर्सु. फ्रेंचमध्ये पण कॉन्करन्ट म्हणजे प्रतिस्पर्धीच. मास्तरांनी सांगितलं ना, एकत्र धावणं. आता दोन माणसं एकत्र धावली की इंग्रजाला वाटलं बरोबर जातायत, आणि पोर्तुगीजाला वाटलं शर्यत लागलीय. शब्द एक, स्वभाव दोन.

हे उगाच सांगत नाही. आपल्याकडे 1961 च्या आधीचे कागद लोक अजून घेऊन येतात, जमिनीचे, कोमुनिदादचे (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणारी संस्था), देवळाचे. इंग्रजी शिकलेली नवीन पोरं अंदाजाने वाचतात. एकाने मला विचारलं, अंकल, ह्या कागदात कोंकोर्रेंतिश लिहिलंय म्हणजे हे सगळे एकाच वेळचे भाडेकरू का? मी म्हटलं अरे बाबा, ही पावणी होती, लिलाव, आणि हे बोली लावणारे, ह्यातला एकटाच जिंकला. अर्थ पूर्ण उलटा. भाडेकरू म्हणून चार नावं लावली असती तर घरात वाद लागले असते.

एकाच वेळी असं म्हणायचं तर पोर्तुगीजात साधं आउ मेश्मु तेंपु म्हणतात. तेव्हा जुने कागद भाषांतराला घेतले तर ह्या शब्दाला इंग्रजीच्या चष्म्यातून बघू नका.

अभिजात

हे मात्र नवीन कळलं, आभारी आहे. पण माझा मुद्दा राहतोच की राज्यघटनेत समवर्ती हा शब्द रुळलाय. तो का चालला?

म्हापशेचा वकील

तो चालला कारण तिथे एक ठरलेली वस्तू आहे आणि समवर्ती हे तिचं नाव झालंय. सातव्या परिशिष्टातली तिसरी यादी. नावाला अर्थ विचारत बसत नाही कोणी. पण तिथेही बघा, वेळेचा संबंध नाही. एकाच विषयावर केंद्र पण कायदा करू शकतं आणि राज्य पण, आणि दोघांचं जमलं नाही तर कलम 254 प्रमाणे सर्वसाधारणपणे केंद्राचा चालतो, राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली असेल तर त्या राज्यापुरता राज्याचा. शिक्षण, वनं, वन्य पशुपक्षी हे विषय आधी राज्याकडे होते, 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आणले. गोव्यातलं उदाहरण हवं तर बंदरं. मुरगाव मोठं बंदर, ते केंद्राकडे. पणजीसारखी छोटी बंदरं समवर्ती सूचीत, ती बघायला आपलं कॅप्टन ऑफ पोर्ट्स खातं आहे. विवाह, घटस्फोट, वारसा हेही समवर्तीतच, म्हणून आपल्याकडच्या 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा विषय निघाला की वकील लोक हीच यादी उघडतात.

आणखी दोन जागा सांगतो, सांखळीकरांच्या हातात कोर्टाचे कागद येतात म्हणून. एक, कॉन्करन्ट ज्युरिस्डिक्शन. अटकपूर्व जामिनासाठी सेशन्स कोर्टात पण जाता येतं आणि हायकोर्टात पण. ह्याचा अर्थ दोन्हीकडे एकदम अर्ज टाका असा नाही! अधिकार दोघांनाही आहे एवढाच. तिथे "दोन्ही कोर्टांना अधिकार" असं लिहिलं की पुरे. आणि दोन, कॉन्करन्ट फाइंडिंग्ज. खालच्या कोर्टाने म्हटलं भिंत तुझ्या हद्दीत आहे, कित्येक वर्षांनी अपिलातल्या कोर्टाने पण तेच म्हटलं. मग हायकोर्टात दुसऱ्या अपिलात गेलात तर ते म्हणतं दोन्ही कोर्टांचे निष्कर्ष कॉन्करन्ट आहेत, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर बोला, भिंत कुठे आहे ते पुन्हा मोजत बसणार नाही. हे मी एका भाषांतरात "समकालीन निष्कर्ष" असं वाचलंय. समकालीन! दोन निकालांच्या मधे एका पक्षकाराचं पोर शाळा सुरू करून कॉलेजातून बाहेर पडलेलं असतं. तिथे "एकसारखे निष्कर्ष" किंवा "दोन्ही कोर्टांचं एकमत".

पेडण्याचे मास्तर

वकीलसाहेब, म्हणजे तुमच्या एकट्या धंद्यातच चार अर्थ झाले, शिक्षा, यादी, अधिकार, निष्कर्ष.

म्हापशेचा वकील

आणि जजाने दुसऱ्या जजाशी सहमती दाखवून वेगळं लिहिलं तर ते कॉन्करिंग जजमेंट, तो पाचवा. फी पण वेगळी वेगळी घ्यायला पाहिजे.

वॉर्डातली ताई

कॉन्करन्ट ऑडिटचं राहिलं की. माझे मिस्टर बँकेत होते, ते विचारतायत समवर्ती लेखापरीक्षण वाचून सभासदांना काय कळणार.

सांखळीकर

ताई तेच अडलंय. अहवालात सरकारी शब्द ठेवावाच लागेल कारण ऑडिटर त्याच नावाने नेमलेला असतो, पण खाली एक ओळ समजावून लिहायची आहे. वर्ष संपल्यावर होतं ते वैधानिक लेखापरीक्षण, आणि हे म्हणजे व्यवहार होत असतानाच मागोमाग तपासत जायचं, कर्ज दिलं की त्याचे कागद लगोलग बघायचे, चूक वाढायच्या आधी पकडायची. मी लिहिलंय "व्यवहार चालू असतानाच होणारी हातासरशी तपासणी". हातासरशी चालेल का? की फार घरगुती वाटतं?

अभिजात

हातासरशी उत्तम आहे. मी समवर्तीचा माणूस, पण हे मान्य. फक्त हातासरशीमध्ये "हे करता करता तेही उरकून घ्या" असा थोडा उरकण्याचा वास येतो, ऑडिटला तो नको. "लगोलग तपासणी" करा.

सांखळीकर

बरोबर, लगोलग केलं. आणि बातमीचं वाक्य असं केलंय, गाड्यावर दाखवण्याआधी वकीलकाकांनी एकदा नजर मारावी:

"दोन्ही शिक्षा सोबतच चालतील, त्यांची बेरीज होणार नाही, त्यामुळे आरोपीला जास्तीत जास्त सात वर्षं तुरुंगात काढावी लागतील."

म्हापशेचा वकील

पहिला भाग सोन्यासारखा. "त्यामुळे" पासून पुढचं काढा किंवा दुरुस्त करा. त्या बातमीत दंड पण होता का? बहुतेक असतोच. दंड भरला नाही तर अमुक महिने जादा कैद असं लिहिलेलं असतं, ती कैद सोबत चालत नाही, मूळ शिक्षा संपल्यावर वेगळी भोगायची. म्हणजे दंड न भरणाऱ्याचे सातावर काही महिने चढतात, आणि तुमचं "जास्तीत जास्त सात" खोटं पडतं. उलट बाजूने, खटला चालू असताना कच्चा कैदी म्हणून कोलवाळच्या तुरुंगात काढलेले दिवस सातातून वजा होतात, म्हणजे निकालानंतर आत राहायचं ते सातापेक्षा कमी.

सांखळीकर

दंड होता, आणि न भरल्यास सहा महिने असंही होतं. मग असं: "दोन्ही शिक्षा सोबतच चालतील, त्यांची बेरीज होणार नाही. दंड न भरल्यास सहा महिन्यांची कैद मात्र वेगळी भोगावी लागेल."

म्हापशेचा वकील

आता कोणी विचारलं तर छातीठोक सांगा. दोन्ही कलमांखाली वेगवेगळा दंड आणि वेगवेगळी जादा कैद आहे का तेवढं निकालपत्रात बघून घ्या, असली तर त्या दोघींची मात्र बेरीज होते.

पर्वरीचा कोडर

म्हणजे दहावाल्यांना पण अर्धा चहा 😄